माहितीपट गाजला, त्यातल्या माणसांना काय मिळालं? न्यूयॉर्कच्या ‘बॉल’पासून ठाण्याच्या लक्ष्मीपर्यंत

जून उजाडला की ओटीटीच्या पहिल्याच पानावर सप्तरंगी पट्टी झळकू लागते. ‘प्राइड’ महिन्यात पाहायलाच हव्यात अशा चित्रपटांच्या याद्या मोबाइलवर फिरू लागतात. या याद्यांमध्ये दरवर्षी नवी नावं येतात-जातात, पण एक नाव कायम असतं : ‘पॅरिस इज बर्निंग’. नावात पॅरिस असलं तरी त्या शहराशी या माहितीपटाचा काही संबंध नाही. ही न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलैंगिक व पारलिंगी तरुणांची गोष्ट आहे. रात्री भाड्याच्या हॉलमध्ये जमायचं, नटायचं, चालायचं, नाचायचं आणि पहाटे पुन्हा आपल्या नेहमीच्या आयुष्यात परतायचं, असं त्यांचं जग होतं.

हा माहितीपट जगभर गाजला. त्यानंतर मात्र त्यातल्या माणसांनी एक साधा प्रश्न विचारला : आमच्या गोष्टीचे पैसे कोणी कमावले? तो प्रश्न आजही मिटलेला नाही. ठाणे-कल्याण पट्ट्यात राहणाऱ्यांना हे सगळं फार लांबचं वाटू शकतं. पण ज्यांच्यावर परदेशी कॅमेरे रोखले गेले अशी एक व्यक्ती ठाण्यातच लहानाची मोठी झाली, आणि पुरुषाने स्त्रीवेश घेण्याच्या विषयावर एकामागोमाग एक कलाकृती करणारा दिग्दर्शक डोंबिवलीचा आहे.

‘पॅरिस इज बर्निंग’मध्ये नेमकं आहे काय?

जेनी लिव्हिंगस्टन या तरुण दिग्दर्शिकेने 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात हे चित्रीकरण केलं. 1990 मध्ये माहितीपट महोत्सवांत दाखवला गेला, 1991 मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला माहितीपट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि त्याच वर्षी तो चित्रपटगृहांत लागला. 2016 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जपून ठेवण्याजोग्या चित्रपटांच्या सरकारी यादीत, त्याचा समावेश झाला. त्याचं शीर्षक पॅरिस डुप्री या कलाकाराच्या वार्षिक ‘बॉल’च्या नावावरून घेतलेलं आहे.

‘बॉल’ म्हणजे स्पर्धा. हॉलच्या मधोमध चालण्यासाठी जागा सोडलेली, समोर परीक्षक, दोन्ही बाजूंना ओरडणारी गर्दी. स्पर्धेचे वेगवेगळे प्रकार असतात. कुणी राजघराण्यातल्या स्त्रीसारखं नटतं, कुणी मॉडेलसारखं. पण सगळ्यात बोलका प्रकार ‘रिअलनेस’चा. यात भरजरी कपडे नसतात. सूट-टाय आणि हातात ब्रीफकेस घेतलेला कंपनीचा अधिकारी, दप्तर घेतलेला शाळकरी मुलगा, गणवेशातला सैनिक, अशी साधी माणसं साकारायची असतात. रस्त्यावरून जाताना कुणालाही शंका येणार नाही इतकं हुबेहूब दिसलात तर तुम्ही जिंकलात.

सकाळी डोंबिवलीहून सुटणाऱ्या फास्ट लोकलमध्ये गळ्यात ओळखपत्र अडकवून उभ्या असलेल्या शेकडो माणसांसारखं दिसणं ही एखाद्या स्पर्धेची अट असू शकते, हे आपल्याला विचित्र वाटेल. ज्यांना ती नोकरी, ते ओळखपत्र आणि त्या गर्दीतली बिनधास्त जागा कधीच मिळणार नव्हती, त्यांनी ही स्पर्धा तयार केली होती. माहितीपटात डोरियन कोरी नावाच्या ज्येष्ठ कलाकार आरशासमोर मेकअप करता करता हे शांतपणे समजावून सांगतात. पूर्ण चित्रपटात त्याच सगळ्यात कमी आवाज चढवतात आणि सगळ्यात जास्त लक्षात राहतात.

‘व्होगिंग’ हा नाचही याच हॉलमधला. फॅशन मासिकातल्या मॉडेलसारख्या अंगस्थिती घेत, हात झटकत केलेला. माहितीपट चित्रपटगृहांत पोहोचण्याआधीच, 1990 मध्ये मॅडोनाचं ‘व्होग’ हे गाणं आलं आणि हा नाच जगाला कळला. तोवर ज्या मुलांनी तो घडवला त्यांची नावं हार्लेमच्या बाहेर फारशी कुणाला ठाऊक नव्हती.

‘हाउस’ म्हणजे काय?

बॉलमध्ये उतरणारा बहुतेक प्रत्येक जण कुठल्या तरी ‘हाउस’चा असतो. लाबेजा, एक्स्ट्राव्हॅगान्झा, निंजा ही त्यांतली काही नावं. हाउसचं नाव तुम्ही आडनाव म्हणून लावता. हाउसला एक ‘मदर’ असते. घरातून हाकललेल्या पोराला झोपायला जागा देणं, खाऊ घालणं, नटायला शिकवणं आणि चुकलं तर चारचौघांत झापणं ही तिची कामं. ही रीत 1970च्या दशकात क्रिस्टल लाबेजा यांच्यापासून रुजली. त्याआधी 1967 मधल्या एका सौंदर्यस्पर्धेत आपल्याला वर्णामुळे डावललं गेलं असं म्हणत क्रिस्टल यांनी कॅमेऱ्यासमोरच संताप व्यक्त केला होता. ‘द क्वीन’ या 1968 च्या माहितीपटात तो प्रसंग आहे. परीक्षक आपल्याला न्याय देत नसतील तर स्पर्धाच आपली काढायची, असा हा व्यवहार होता.

मराठी वाचकाला यात ओळखीचं काही दिसेल. आपल्याकडच्या हिजडा समुदायातही घराणी आहेत. मुंबईच्या परंपरेत सात घराणी मानली जातात. घरात गुरू असतो, त्याचे चेले असतात, गुरूचा गुरू म्हणजे नानी. नव्याने आलेल्याला नाव, आसरा आणि रोजगाराचा भाग गुरूकडूनच मिळतो. शिस्तही त्याचीच. दोन्ही व्यवस्था एकमेकींची नक्कल नाहीत, त्यांच्यात समुद्राचं अंतर आहे. जन्माच्या घराने दार लावलं की माणूस दुसरं घर बांधतो, एवढं मात्र दोन्हीकडे सारखं आहे. आणि त्या दुसऱ्या घरातही वरचा-खालचा, देणं-घेणं, रुसवे-फुगवे असतातच. माहितीपटवाले हा भाग बऱ्याचदा गाळतात, कारण त्यांना प्रेमळ आई हवी असते.

ड्रॅग करणारे आणि तृतीयपंथी एकच का?

नाही. ड्रॅग ही कला आहे, वेश आहे. कार्यक्रम संपला की मेकअप उतरवून घरी जाता येतं. ड्रॅग करणारी व्यक्ती समलैंगिक पुरुष असू शकते, पारलिंगी असू शकते, आणखीही कुणी असू शकते. मुंबईचे सुशांत दिवगीकर ‘राणी कोहेनूर’ या नावाने ड्रॅग करतात. 2018 च्या ‘सा रे ग म प’मध्ये त्यांनी दोन आवाजांत गाऊन दाखवलं तेव्हा अनेक मराठी घरांत हा शब्द पहिल्यांदा पोहोचला. पारलिंगी असणं हा मात्र ओळखीचा प्रश्न आहे, तो वेश नव्हे. हिजडा हा तिसराच शब्द. ती ओळखही आहे आणि गुरू-चेला परंपरा असलेला समुदायही. ‘पॅरिस इज बर्निंग’मध्ये या सगळ्या सीमारेषा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात, कारण हॉलमध्ये सगळेच एकत्र होते. पाहताना आपण मात्र गल्लत करू नये.

महाराष्ट्रात हे नवं आहे का?

‘हे परदेशी फॅड आहे’ असं समाजमाध्यमांवरच्या प्रतिक्रियांत हमखास लिहिलेलं असतं. इथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत गुलामीत जन्मलेल्या विल्यम डॉर्सी स्वान यांनी वॉशिंग्टनमध्ये स्त्रीवेशातल्या पुरुषांचे गुप्त नाचसमारंभ भरवायला सुरुवात केली होती. एप्रिल 1888 मध्ये अशाच एका समारंभावर पोलिसांनी धाड घातली आणि स्वान यांना अटक केली. त्यानंतर दोन महिन्यांनी, 26 जून 1888 रोजी इकडे महाराष्ट्रात नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म झाला. म्हणजे बालगंधर्व.

पुढचा इतिहास घराघरात माहीत आहे. सिंधू, रुक्मिणी, भामिनी अशा भूमिका त्यांनी गाजवल्या. चांगल्या घरातल्या बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायला आणि गजरा माळायला शिकल्या. 1964 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. रंगभूमीवर अशा नटाला ‘स्त्रीपार्टी’ म्हणत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

पण हा मान सगळ्यांच्या वाट्याला आला नाही. तमाशातल्या ‘नाच्या’ला हशा मिळाला आणि हेटाळणी मिळाली. मराठी चित्रपटांत वर्षानुवर्षं नाच्याची भूमिका करणारे कोल्हापूरचे गणपत पाटील हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. पडद्यावरचं बायकी चालणं-बोलणं लोकांनी त्यांच्या खऱ्या आयुष्यालाच चिकटवलं. संसारी, मुलाबाळांचे गृहस्थ असलेल्या या नटाला आणि त्यांच्या कुटुंबाला त्याचा त्रास झाला. 2008 मध्ये ते गेले, तोवर ‘नाच्या’ हा त्यांच्यापुढे लागलेला शब्द सुटला नव्हता. नाट्यसंगीताच्या प्रेक्षकांसमोर शालू नेसलेला पुरुष कलावंत ठरतो आणि तमाशाच्या कनातीत नेसलेला चेष्टेचा विषय होतो. फरक वेशात नव्हता, तिकीट काढून समोर बसलेल्यांच्या जातीत आणि ऐपतीत होता.

या दोन्ही बाजू एकाच दिग्दर्शकाने मांडल्या, हे विशेष. डोंबिवलीच्या रवी जाधव यांचा पहिला चित्रपट ‘नटरंग’ 1 जानेवारी 2010 रोजी आला. आनंद यादव यांच्या कादंबरीवरच्या या चित्रपटात पैलवानी अंगाचा शेतमजूर गुणा फडासाठी नाच्या होतो आणि त्यापायी त्याचं घर आणि इज्जत पणाला लागते. पुढच्याच वर्षी सुबोध भावे यांचा ‘बालगंधर्व’ आला. 2023 मध्ये जाधव यांनी तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या आयुष्यावर ‘ताली’ ही वेबमालिका केली. त्यात सुष्मिता सेन मुख्य भूमिकेत होती आणि पारलिंगी व्यक्तीच्या भूमिकेसाठी पारलिंगी कलाकार का नको, ही चर्चाही तेव्हा रंगली. नाच्या, स्त्रीपार्टी आणि तृतीयपंथी कार्यकर्ती : तेरा वर्षांत तीन कलाकृती. हे नियोजन होतं की योगायोग, ते जाधवच सांगू शकतील. पण मराठीत या विषयाला इतक्यांदा हात घालणारा मुख्य प्रवाहातला दुसरा दिग्दर्शक चटकन आठवत नाही.

आज पुरुषांनी सादर केलेल्या लावणीचे कार्यक्रमही होतात. ‘बिन बायकांचा तमाशा’ हे त्यातलं गाजलेलं नाव. नऊवारी, घुंगरू, अदा, सगळं पुरुषांचं. समोर बसलेल्यांत बायका मोठ्या संख्येने असतात आणि शिट्ट्याही त्याच वाजवतात.

ठाण्याच्या लक्ष्मी कॅमेऱ्यासमोर कशा आल्या?

लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं बालपण ठाण्यात गेलं. मूळचं उत्तर प्रदेशातलं ब्राह्मण कुटुंब, घरातलं थोरलं अपत्य, लहानपणापासून नाचाची ओढ. त्या भरतनाट्यम शिकल्या, ठाण्यात नृत्याचे वर्ग घेतले, बारमध्येही नाचल्या. पुढे लता गुरू यांच्या चेला होऊन त्या हिजडा समुदायात, लष्कर घराण्यात आल्या. इथवरची गोष्ट इतरांसारखीच. वेगळेपण पुढे आहे. त्यांच्या आईवडिलांनी त्यांना घराबाहेर काढलं नाही. समुदायाची रीत सांभाळत त्या आपल्या जन्माच्या घराशीही जोडलेल्या राहिल्या. दोन्ही घरं एकाच वेळी टिकवणं तेव्हा फार कमी जणांना जमलं होतं.

2005 मध्ये थॉमस वार्टमन या जर्मन दिग्दर्शकाचा ‘बिटवीन द लाइन्स’ हा माहितीपट आला. छायाचित्रकार अनिता खेमका मुंबईतल्या हिजड्यांना भेटत जातात, त्यांच्या नजरेतून हा माहितीपट उलगडतो. त्यातल्या प्रमुख व्यक्तींमध्ये लक्ष्मी आहेत. याआधी 2001 मध्ये ‘बॉम्बे युनक’ हा अमेरिकी माहितीपट मुंबईतल्याच एका हिजडा कुटुंबावर आला होता. म्हणजे 2000 नंतरच्या पाच वर्षांत दोन परदेशी चमू मुंबईच्या याच गल्ल्यांत कॅमेरे घेऊन फिरून गेले. मराठी वाहिन्यांचे कॅमेरे तेव्हा या समुदायाकडे बहुतेक गुन्ह्याच्या बातमीपुरतेच वळायचे.

त्याच 2005 मध्ये राज्य सरकारने डान्सबारवर बंदी घातली. बारबालांच्या बाजूने रस्त्यावर उतरलेल्यांत लक्ष्मीही होत्या. 2007 मध्ये त्यांनी ‘अस्तित्व’ ही संस्था काढली. तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 15 एप्रिल 2014 रोजी आला. त्या खटल्यातही त्यांनी बाजू मांडली होती.

पण या चर्चेच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट 2012 ची. त्या वर्षी वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन मराठीत आलं. इंग्रजी अनुवाद नंतर, 2015 मध्ये झाला. कॅमेऱ्याने त्यांना जगासमोर नेलं होतं. आपली गोष्ट आपल्या क्रमाने आणि आपल्याला हवी तिथे थांबवून सांगण्याची सोय त्यांना या पुस्तकात मिळाली.

अर्थात एक लक्ष्मी म्हणजे सगळा समुदाय नव्हे. 2018 मध्ये त्यांच्या राजकीय भूमिकेवर देशभरातल्या अनेक पारलिंगी कार्यकर्त्यांनी आणि गटांनी जाहीर निवेदन काढून टीका केली होती. 2011 च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ अशी नोंद महाराष्ट्रात 40,891 जणांची झाली. ही नोंद अपुरी असल्याचं कार्यकर्ते सांगत आले आहेत. आहे तो आकडा धरला तरी एका प्रसिद्ध चेहऱ्यामागे चाळीस हजार माणसं उरतात.

पैशाचा वाद काय होता?

आता पुन्हा न्यूयॉर्ककडे. ‘पॅरिस इज बर्निंग’ने अमेरिकेच्या चित्रपटगृहांत सुमारे 40 लाख डॉलरचा गल्ला जमवला. माहितीपटासाठी हा आकडा तेव्हा अवाढव्य होता. तो ऐकून त्यातल्या अनेकांनी वाटा मागितला. पॅरिस डुप्री यांनी तर 4 कोटी डॉलरचा दावा करण्याची तयारी केली. पण चित्रीकरणाच्या वेळी सगळ्यांनी परवानगीपत्रावर सह्या केल्या होत्या. कायद्याच्या भाषेत विषय तिथेच संपला. अखेर सुमारे 55 हजार डॉलर 13 जणांत, पडद्यावर कोण किती वेळ दिसतो त्या हिशेबाने वाटण्यात आले.

सरळ भागाकार केला तर माणशी 4,200 डॉलरच्या आसपास. एकूण गल्ल्याच्या दीड टक्काही नाही. मात्र गल्ला म्हणजे नफा नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवं. तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा चित्रपटगृह आणि वितरक घेतात, त्यातून प्रसिद्धीचा खर्च वजा होतो आणि उरलेलं निर्मात्यांपर्यंत येतं. या माहितीपटात बॉलमध्ये वाजणारी गाणी आहेत. त्यांच्या हक्कांसाठीही मोठी रक्कम मोजावी लागली. गाण्याला हक्क असतो आणि तो विकत घ्यावा लागतो. आपल्या आयुष्याची गोष्ट सांगणाऱ्या माणसाला मात्र असा हक्क नसतो, त्याची फक्त सही असते.

दिग्दर्शिकेच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, आणि तो कच्चा नाही. बातमीदारी आणि माहितीपटाच्या क्षेत्रात बोलणाऱ्याला पैसे न देण्याचा संकेत आहे. पैसे दिले की माणूस समोरच्याला हवं तेच बोलेल, अशी भीती असते. पण हा संकेत मंत्र्याच्या मुलाखतीसाठी ठीक आहे. ज्याची कलाच चित्रपटाचा प्राण आहे, जो पडद्यावर नाचतो, नटतो, चालतो, तो नुसता माहिती देणारा कसा? त्याला कलाकार म्हणून मानधन नको का? हा पेच तिथे सुटला नाही आणि इथेही सुटलेला नाही.

विचारवंत बेल हुक्स यांनी वेगळ्या बाजूने टीका केली. सुशिक्षित गोऱ्या दिग्दर्शिकेने काळ्यांच्या दुःखाचा देखणा तमाशा गोऱ्या प्रेक्षकांसमोर मांडला, असा त्यांचा रोख होता. 2015 मध्ये ब्रुकलिनमध्ये या माहितीपटाचा मोठा जाहीर खेळ ठरला, तेव्हा आयोजकांनी मंचावर आजच्या बॉल समुदायातल्या कुणालाच बोलावलं नव्हतं. लोकांनी ऑनलाइन मोहीम चालवली आणि कार्यक्रम बदलावा लागला. पंचवीस वर्षांनीही जुनी ठसठस कायम होती.

आणि माणसं? व्हीनस एक्स्ट्राव्हॅगान्झा या माहितीपटातल्या सगळ्यात कोवळ्या चेहऱ्यांपैकी एक. चित्रीकरण पूर्ण होण्याआधीच, डिसेंबर 1988 मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलमध्ये त्यांचा मृतदेह सापडला. गळा दाबून खून झाला होता. वय 23. माहितीपटात ही बातमी त्यांच्या हाउसची ‘मदर’ अँजी सांगते. अँजी आणि डोरियन कोरी दोघीही 1993 मध्ये गेल्या. व्होगिंग जगभर नेणारे विली निंजा 2006 मध्ये. एड्सने त्या पिढीतल्या किती जणांना नेलं हे पाहायचं असेल तर या माहितीपटातल्या नावांपुढची मृत्यूची सालं वाचावीत.

व्हीनसच्या खुनाचा उलगडा झाला नाही. 2025 मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘आय ॲम युअर व्हीनस’ या माहितीपटात त्यांचे सख्खे भाऊ आणि एक्स्ट्राव्हॅगान्झा हाउसची मंडळी, म्हणजे त्यांची दोन्ही कुटुंबं, एकत्र येऊन तपास पुन्हा सुरू करण्यासाठी आणि व्हीनसचं नाव मरणोत्तर का होईना कायदेशीर व्हावं म्हणून धडपडताना दिसतात.

आपल्याकडे कुणी वेगळ्या पद्धतीने काम केलं का?

दोन उदाहरणं घेता येतील. पहिलं सेन्सॉरच्या कात्रीत सापडलेलं. श्रीधर रंगायन यांचा ‘गुलाबी आईना’ (2003) हा माहितीपट नाही, सुमारे 40 मिनिटांची कथा आहे. पण मुंबईतल्या ड्रॅग क्वीन्सचं जग, त्यांची भाषा आणि टोमणे हिंदीत पडद्यावर आणणारा तो सुरुवातीचा चित्रपट. परीक्षण मंडळाने त्याला प्रमाणपत्र नाकारलं. जगभरच्या महोत्सवांत तो दाखवला गेला, भारतात मात्र चित्रपटगृहाचं तोंड त्याला दिसलं नाही. दिग्दर्शक समुदायातलाच असला की पैशाचा आणि विश्वासाचा प्रश्न थोडा हलका होतो, पण दार उघडणाऱ्याची परवानगी वेगळीच लागते. रंगायन यांनीच पुढे 2010 मध्ये मुंबईत ‘कशिश’ हा चित्रपट महोत्सव सुरू केला.

दुसरं उदाहरण जास्त शिकण्यासारखं. सावित्री मेधातुल आणि भूषण कोरगावकर यांचा ‘नटले तुमच्यासाठी’ (2008) हा माहितीपट पारंपरिक संगीतबारीतल्या लावणी कलावंतांवर आहे. या कलावंत स्त्रिया आहेत, ड्रॅगशी थेट संबंध नाही. पण प्रश्न तोच : बदनाम ठरवलेल्या जगात कॅमेरा घेऊन जायचं कसं? ही दोघं चित्रीकरण आटोपून निघून गेली नाहीत. माहितीपटानंतर कोरगावकरांचं ‘संगीतबारी’ हे पुस्तक आलं आणि त्याच नावाचा रंगमंचीय कार्यक्रमही उभा राहिला. त्यात या कलावंत शहरी नाट्यगृहांत स्वतः लावणी सादर करू लागल्या. माहितीपटाच्या फ्रेममधली व्यक्ती इथे मानधन घेणारी कलाकार झाली. हा फरक छोटा नाही.

न्यूयॉर्कमध्येही बदल झालाच. 2016 च्या ‘किकी’ या माहितीपटाची दिग्दर्शिका सारा यॉर्डेनो बाहेरची, पण लेखनात ट्विगी पुची गार्सोन ही बॉल समुदायातली व्यक्ती बरोबरीने होती. श्रेयनामावलीत नाव येणं म्हणजे मानही आणि पुढचं काम मिळण्याचा रस्ताही.

ठाणे-कल्याणमध्ये ‘भूमिगत’ म्हणजे आज काय?

ड्रॅगचे कार्यक्रम होतात ते मुंबईत : वांद्रे, लोअर परळ, दक्षिण मुंबईतले क्लब. ठाण्यापासून सीएसएमटी 34 किलोमीटर, कल्याणपासून 50 च्या वर. डोंबिवलीत दोन खोल्यांच्या घरात आईवडिलांबरोबर राहणाऱ्या मुलासाठी हे अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. साडी, विग, दागिने पाठीवरच्या सॅकमध्ये, नटायचं ते मित्राच्या खोलीवर किंवा क्लबच्या स्वच्छतागृहात, आणि परतताना शेवटची लोकल सुटण्याआधी चेहऱ्यावरचं काजळ पुसलेलं हवं. हार्लेमच्या मुलांना किमान हॉल तरी घराजवळ होता.

कल्याणजवळच्या मलंगगडावर माघी पौर्णिमेला भरणाऱ्या हाजी मलंगच्या उरुसाची बात निराळी. तिथे तृतीयपंथी मोठ्या संख्येने, उघडपणे, सजूनधजून येतात. लपण्याचं कारण नसतं, कारण श्रद्धेच्या जागी त्यांना फार पूर्वीपासून स्थान आहे. मात्र त्या गर्दीत आता प्रत्येक हातात मोबाइल असतो. माहितीपटवाला निदान विचारतो, कागद पुढे करतो, समोर बसतो. पंधरा सेकंदांचं रील करणारा विचारत नाही. क्लबमधली ड्रॅगची एखादी चित्रफीत सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पोहोचली की त्या व्यक्तीची ओळख घरच्यांसमोर उघडी पडते, आणि ते परत झाकता येत नाही.

कायदा इथे तोकडा पडतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ई खासगी अवयवांच्या चित्रीकरणाबाबत आहे, कपड्यात नाचणाऱ्या माणसाच्या चित्रफितीला ते लागू होत नाही. 2017 च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि लैंगिक कल हा त्याचा गाभ्याचा भाग असल्याचं म्हटलं. 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. तत्त्व पक्कं झालं. पण व्हायरल झालेली चित्रफीत घेऊन पोलीस ठाण्यात गेलेल्या वीस वर्षांच्या मुलाला त्या तत्त्वाचा उपयोग व्हायचा असेल तर आधी तक्रार नोंदवताना स्वतःचं नाव आणि पत्ता सांगावा लागतो. तेच तर त्याला लपवायचं असतं.

परवानगीपत्रावर सही करण्याआधी काय पाहावं?

माहितीपट, वेबमालिका किंवा यूट्यूबवरच्या मुलाखतीसाठी कुणी विचारणा केली तर हातात येतो तो कागद बहुधा एक-दोन पानांचा आणि इंग्रजीत असतो. त्यात ‘जगभर, कायमस्वरूपी, कोणत्याही माध्यमात’ वापराचे हक्क दिल्याचं वाक्य जवळपास ठरलेलं. 1980च्या दशकात सही करणाऱ्यांना मोबाइलवर आपण दिसू हे माहीत असणं शक्यच नव्हतं, तरी त्यांची सही आजही चालते. त्यामुळे कागद मराठीत मागावा, प्रत स्वतःकडे ठेवावी. खरं नाव, गाव, शाळा, कामाचं ठिकाण येणार का, चेहरा दिसणार का, हे तोंडी ठरवू नये, लिहून घ्यावं. अंतिम चित्रपट प्रदर्शनाआधी पाहायला मिळेल का, हे विचारण्यात संकोच नको. नाच किंवा गाणं सादर करणार असाल तर ती मुलाखत नाही, तो कार्यक्रम आहे, त्याचं मानधन वेगळं मागता येतं. घरच्यांना माहीत नसेल तर प्रदर्शनाची तारीख आधी कळवण्याची अट घालता येते. ‘नाही’ म्हणण्याचा हक्क सही करेपर्यंत पूर्णपणे तुमचा असतो, त्यानंतर तो कागदावर लिहिलंय तेवढाच उरतो.